फुप्फुसाचा ‘नॉर्मल’ आकडा ठरवतो कोण?

दम लागतो म्हणून दवाखान्यात गेलो की डॉक्टर कधी कधी नळीत जोरात फुंकायला लावतात. ही तपासणी म्हणजे स्पायरोमेट्री. तिच्या रिपोर्टवर दोन आकडे शेजारी असतात: आपण किती हवा फुंकली आणि आपल्यासारख्या निरोगी माणसाने किती फुंकायला हवी होती. दुसरा आकडा मशीनमध्ये आधीच भरलेल्या सूत्रातून निघतो. पण ते सूत्र कोणाच्या श्वासावरून बनले?

लंडनचे डॉक्टर जॉन हचिन्सन यांनी १८४६ मध्ये हे यंत्र मांडले. दोन हजारांहून अधिक लोकांना फुंकायला लावून त्यांनी दाखवले, की उंचीबरोबर फुंकलेली हवाही वाढते. आजही निरोगी माणसांना तपासून उंची, वय आणि स्त्री की पुरुष यावरून अपेक्षित आकडा काढतात.

त्यात वंशभेद शिरला. अमेरिकेत गुलामगिरीचे समर्थक डॉक्टर सॅम्युएल कार्टराइट यांनी काळ्या लोकांची फुप्फुसे जन्मतःच कमजोर असल्याचा दावा केला. पुढे मशीनमध्येच त्यांचा अपेक्षित आकडा कमी धरला जाऊ लागला. अपेक्षाच कमी ठेवली, की आजारी माणूसही कागदावर ‘नॉर्मल’ दिसतो. १९९९ मध्ये बाल्टिमोर येथे ॲस्बेस्टॉसमुळे आजारी पडून भरपाई मागणाऱ्या काळ्या कामगारांना एका कंपनीने यावरूनच जास्त कडक कसोटी लावू पाहिली. न्यायालयाने ते मानले नाही. २०२३ मध्ये अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने वंश न पाहता काढलेले आकडे वापरण्याची शिफारस केली.

आपल्याकडेही गोऱ्यांच्या आकड्यातून सुमारे १० टक्के वजा करण्याची पद्धत चालत आली आहे. भारतीयांची सरासरी कमी भरते, हे खरे. पण लहानपणची उपासमार, चुलीचा धूर आणि कामावरची धूळ यांनीही फुप्फुस खुरटते. अशा घरांतले लोक ‘निरोगी’ म्हणून मोजले, तर अन्यायाचा परिणामच ‘नॉर्मल’ ठरतो. म्हणून मोजणीसाठी माणसे निवडताना विडी-सिगारेट, दमा, टीबी, धूर आणि धुळीचे काम, सगळे विचारावे लागते.

तपासणीला जाताना एवढे करा. चपला काढून उंची मोजून घ्या. अंदाजे सांगू नका. खडी फोडणे, बांधकाम, झाडलोट, गटारकाम, चूल, जे असेल ते डॉक्टरांना सांगा. किमान तीन फुंका नीट झाल्या पाहिजेत. अपेक्षित आकडा कोणत्या लोकांवरून घेतला, हे निःसंकोच विचारा. रिपोर्ट जपून ठेवा. पुढच्या वेळी स्वतःच्याच जुन्या आकड्याशी ताडून पाहता येते. रिपोर्ट नॉर्मल असूनही दम लागत असेल तर पुन्हा दाखवा. दोन आठवड्यांवर खोकला असेल तर सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी मोफत होते.

कोणी सांगितले म्हणून मानू नका, तपासून पाहा, ही तथागतांची शिकवण. ती दवाखान्याच्या कागदालाही लागू आहे.