अर्धशिशी आणि झाडपाल्याचा इलाज

अर्धशिशी म्हणजे केवळ तीव्र डोकेदुखी नव्हे. मळमळ व प्रकाशाचा असह्यपणा यांसह वारंवार उद्भवणारा तो मज्जासंस्थेचा विकार असून, त्याचा झटका उपचाराविनाही ४ ते ७२ तासांत बहुधा ओसरतो. म्हणून सुंठीच्या लेपानंतर वेदना शमली, एवढ्यावरून लेपाला श्रेय देणे म्हणजे कोंबडा आरवल्यामुळेच उजाडले असे मानणे होय. खरा दाखला मिळतो तो निष्क्रिय गोळीशी (प्लासिबो) केलेल्या तुलनेतूनच. बटरबर ही वनस्पती या कसोटीला बऱ्याच अंशी उतरली, अमेरिकन अकॅडमी ऑफ न्यूरॉलॉजीने २०१२ साली तिची शिफारसही केली. परंतु यकृताला अपाय होण्याच्या धास्तीने २०१५ मध्ये ती मागे घ्यावी लागली. तेव्हा वनस्पतिजन्य ते निर्धोक, हा समज टिकत नाही. चालू असलेला झाडपाल्याचा इलाज डॉक्टरांपासून लपवू नये.