जळजळ नसलेली आम्लता
छातीत जळजळ नाही, आंबट ढेकर नाही. तरी सकाळी आवाज घोगरा आणि सतत खाकरणं. जठरातलं आम्ल आणि पेप्सिन हे पाचक विकर घशापर्यंत चढलं की असं होऊ शकतं. स्वरयंत्राचं अस्तर अन्ननलिकेपेक्षा नाजूक असतं. यावर पॅन्टोप्राझोलसारख्या गोळ्या महिनोन्‌महिने घेतल्या जातात, याची मला काळजी वाटते. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत घशाच्या तक्रारींवर त्याच गटातलं लॅन्सोप्राझोल आणि औषध नसलेली गोळी यांत फरक दिसला नाही. या गटातल्या गोळ्या आम्ल घटवतात, त्याचं वर चढणं थांबवत नाहीत. त्यासाठी जेवण झोपेच्या तीन तास आधी, पलंगाची डोक्याकडची बाजू ६ ते ८ इंच उंच. अल्जिनेटचं औषध अन्नावर तरंगता थर धरतं. हे चढणं रोखणाऱ्या शस्त्रक्रियेचा विचार २४ तासांच्या पीएच तपासणीनंतरच. आवाज तीन आठवडे बसलेलाच असेल, तर स्वरयंत्र आधी तज्ज्ञांकडून तपासून घ्या. तंबाखू खाणाऱ्यांनी तर नक्कीच.