गल्ली कुणाच्याच यादीत नव्हती

सरकारी भरतीच्या जाहिरातीत जागांच्या तक्त्याला समांतर आरक्षणाचे रकाने असतात: महिला, खेळाडू, माजी सैनिक, प्रकल्पग्रस्त आणि भूकंपग्रस्त. घाटकोपर-मुलुंडच्या अभ्यासिकांत रात्री उशिरापर्यंत बसणाऱ्या मुलांना हा तक्ता पाठ असतो. भूकंपग्रस्तांचा वाटा २ टक्के. त्या रकान्यात अर्ज भरणारी कितीतरी मुलं किल्लारीच्या भूकंपानंतर जन्मलेली. त्यांनी जुनं गाव पाहिलेलंच नाही, फक्त ऐकलंय.

ते गाव गेलं ३० सप्टेंबर १९९३ ला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपतीला निरोप देऊन माणसं दमून झोपली होती आणि पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. लातूरच्या औसा तालुक्यातली किल्लारी, तळणी, मंगरूळ आणि तेव्हाच्या उस्मानाबादच्या उमरगा तालुक्यातली सास्तूर, पेठसांगवी, राजेगाव ही गावं काही क्षणांत ढिगारा झाली. सरकारी नोंदीत ७,९२८ मृत्यू आहेत. त्यानंतर पाऊस कोसळत राहिला. ओल्या लाकडांवर सामुदायिक चिता रचाव्या लागल्या.

भूकंपाची तीव्रता होती ६.२. जगात एवढे धक्के दरवर्षी अनेक बसतात, मग इथेच इतकी माणसं का गेली? केंद्र जमिनीखाली फार खोल नव्हतं हे एक कारण. दुसरं कारण माथ्यावरच होतं. मराठवाड्यातलं घर म्हणजे दोन-तीन फूट, कुठे त्याहूनही जाड दगडी भिंती, दोन दगडांमध्ये चिखल आणि वर माळवद. लाकडी खांब-तुळयांवर फळ्या आणि त्यांवर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात असं घर थंडगार. दरवर्षी पावसाआधी माळवदावर माती चढवायची, असा थर वाढत गेलेला. भिंतीचे आतले आणि बाहेरचे दगड एकमेकांना बांधलेले नव्हते. हादऱ्याने भिंत उभी फाटली आणि टनावारी माती झोपलेल्या माणसांवर आली. ज्याचा वाडा मोठा, त्याच्यावर ओझं मोठं. हलक्या छपराच्या झोपडीत राहणारी गरीब माणसं त्यामानाने अधिक वाचली.

वर्षभर आधी, ऑक्टोबर १९९२ मध्ये, किल्लारीला धक्के बसले होते. पण देशाच्या भूकंप नकाशावर हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. दख्खनचं पठार म्हणजे स्थिर भूमी, हीच समजूत. पुढे किल्लारीत वेधनविहीर खोदली गेली, तेव्हा सुमारे ३३८ मीटर बेसाल्टखाली प्राचीन खडक लागला. २००२ च्या भूकंप मानकाने पहिला विभागच रद्द केला आणि लातूर तिसऱ्या विभागात आलं. त्या मानकात मुंबईही त्याच विभागात होती, हे अंधेरी-बोरिवलीच्या वाचकाने लक्षात ठेवावं.

जागतिक बँकेच्या मदतीने राज्याने पुनर्वसनाचा कार्यक्रम आखला. ५२ गावं उठवून नव्या जागी वसवायची ठरली. २२ गावं जागेवरच पुन्हा बांधायची आणि इतर हजारो गावांतली घरं दुरुस्त करून मजबूत करायची. स्थलांतरित गावांत घराचा आकार शेतीवर ठरला: भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतवाल्यांना २५० चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत ४००, त्यापुढे ७५०. झोपडपट्टी पुनर्वसनातले २२५ आणि २६९ चौरस फूट ज्यांनी ऐकले आहेत, त्यांना ही भाषा ओळखीची वाटेल.

घरं पक्की मिळाली. त्या पिढीने दगडाची इतकी धास्ती घेतली होती की सिमेंटशिवाय दुसरं काही तिला नको होतं. ती भीती मी कधीच चूक म्हणणार नाही. पण आकारानुसार घरांच्या रांगा पडल्या आणि जुना शेजार विस्कटला. भावकी एका टोकाला, पिढ्यान् पिढ्यांचे शेजारी दुसऱ्या टोकाला. गुरं कुठे बांधायची, कडबा कुठे रचायचा, याला आराखड्यात जागा नव्हती. नोंद झाली ती कुटुंबाची, शेतीची, चौरस फुटांची. कोणाचं दार कोणासमोर होतं, हे कुणी लिहून घेतलं नाही.

जुनी गल्ली सगळ्यांना सारखी प्रेमळ नव्हती, हेही सांगायला हवं. दलित वस्त्या गावाबाहेर होत्या आणि पाणवठेही सर्वांचे नव्हते. नव्या आखणीत ती भिंत मोडण्याची संधी होती. पण शेतीवरून घराचा आकार आणि आकारावरून जागा ठरली, तिथे जुनी उतरंड बऱ्याच अंशी पुन्हा उभी राहिली.

कधी जागा सोडावीच लागते: न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चमध्ये फेब्रुवारी २०११ च्या भूकंपानंतर सुमारे आठ हजार घरांची वस्ती रिकामी करावी लागली. एव्हन नदीकाठची जमीनच पातळ होऊन खचली होती. सरकारने घरं विकत घेऊन पाडली. मोकळ्या हिरवळीत बागांतली फळझाडं उभी राहिली आणि त्यांच्यावरून जुन्या घरांच्या हद्दी ओळखू येतात. तिथे जमीन दोषी होती. किल्लारीत दोष भिंतींचा होता, आणि दोन-तीन किलोमीटर सरकल्याने भूकंपाचं क्षेत्र बदलत नाही. सुरक्षितता बांधणीतून आली, जागा बदलून नव्हे. अर्थात ज्या ढिगाऱ्यात आपलं माणूस गेलं, तिथे पुन्हा चूल मांडायला लोकांचं मन धजत नव्हतं.

जागेवर राहूनही सुरक्षित होता येतं, हे दुरुस्तीच्या गावांनी दाखवलं. माळवदाची माती कमी करायची, भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड बसवायचे, वरून सिमेंटचा पट्टा फिरवायचा. प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने बायकांना संवाद सहायक म्हणून या कामात उतरवलं. घर कसं मजबूत करायचं, अनुदान कसं मिळवायचं, हे त्या दारोदार सांगत. माझ्या मते संपूर्ण कार्यक्रमातलं हे सर्वांत मोलाचं काम, कारण इथे सांगणारी आणि राहणारी माणसं एकच होती.

स्थलांतरित गावांतही लोकांनी हळूहळू आपली सोय केली. घराला पत्र्याची पडवी जोडली, जनावरांसाठी आडोसा केला. कागद मात्र मागे राहिला. घरांचे कबाले मिळवण्यासाठी कित्येकांना वर्षानुवर्षं हेलपाटे घालावे लागले. घर आजोबांच्या नावे, आजोबा गेले, मागे तीन भाऊ, आणि २५० चौरस फुटांची वाटणी होत नाही.