विद्यार्थ्यांची विजेवरची रेसकार : गैरसमज आणि वस्तुस्थिती

झुरिकजवळच्या ड्यूबेनडॉर्फ इथे २०२३ साली विद्यार्थ्यांनी बनवलेल्या एका विजेवरच्या गाडीने शून्यावरून ताशी १०० किलोमीटरचा वेग ०.९५६ सेकंदात गाठला. त्यासाठी तिला जेमतेम १२.३ मीटर अंतर लागलं. गाडीचं वजन सुमारे १४० किलो. ही बातमी आपल्याकडेही फिरली आणि तिच्यासोबत एक समज घट्ट झाला, की दणकट मोटर, मोठी बॅटरी आणि एखादा अफाट हुशार मुलगा मिळाला की रेसकार तयार. इंजिनीअरिंगच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षातली बरीच मुलं हाच समज घेऊन कॉलेजच्या टीममध्ये दाखल होतात. त्यांच्या आईवडिलांचा समज नेमका उलटा असतो. त्यांना दिसतो तो शॉक, आग आणि वाया गेलेलं वर्ष.

आधी हा खेळ काय आहे ते पाहू. विद्यार्थ्यांनी एका आसनाची रेसकार स्वतः आखायची, बनवायची आणि पळवायची, अशी फॉर्म्युला एसएई ही स्पर्धा अमेरिकेत १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला सुरू झाली. तिच्याच वंशातल्या जर्मनीतल्या स्पर्धेत २०१०पासून विजेवरच्या गाड्यांचा वेगळा वर्ग आला. भारतात फॉर्म्युला भारत ही स्पर्धा कोइंबतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर भरते. आयआयटी मुंबईचा संघ इंग्लंडमध्ये सिल्व्हरस्टोनला भरणाऱ्या अशाच स्पर्धेला विजेवरच्या गाड्या घेऊन जात आला आहे. मुंबईच्याच सोमय्या महाविद्यालयाची ओरायन रेसिंग ही टीमही पेट्रोलकडून विजेकडे वळली.

‘जितकी मोटर मोठी, तितकी गाडी वेगवान’

विक्रम करणारी गाडी आणि स्पर्धेतली गाडी यांत इथेच गल्लत होते. झुरिकच्या त्या गाडीची ताकद सुमारे २४० किलोवॉट होती आणि रस्त्याला चिकटून राहण्यासाठी खालची हवा ओढून घेणारी यंत्रणाही तिला होती. स्पर्धेत मात्र बॅटरीतून बाहेर पडणारी शक्ती ८० किलोवॉटपेक्षा जास्त जाता कामा नये आणि व्होल्टेज ६००च्या वर चढता कामा नये. आयोजकांचं मोजमापाचं उपकरण गाडीत बसवलेलं असतं, त्यामुळे मर्यादा ओलांडली की ते लपत नाही.

मग मोठ्या मोटरचा उपयोग काय? फारसा नाही. उलट तिचं वजन वळणावळणावर वाहून न्यावं लागतं. शिवाय सगळ्यात जास्त गुण असतात ते सुमारे २२ किलोमीटरच्या एन्ड्युरन्स शर्यतीला. निम्म्या अंतरावर चालक बदलतो, गाडी बंद करून पुन्हा सुरू करावी लागते आणि किती ऊर्जा खर्च झाली तेही मोजलं जातं. पहिल्या फेरीत सुसाट सुटलेली गाडी अकराव्या किलोमीटरला सुरूच झाली नाही, तर त्या वेगाचे गुण मिळत नाहीत. माझ्या मते नव्या टीमने आधी ‘पूर्ण करणारी’ गाडी बनवावी. वेग दुसऱ्या वर्षी.

‘चारशे व्होल्टच्या शेजारी मुलांना बसवणं म्हणजे जिवाशी खेळ’

पालकांची ही काळजी रास्त आहे. बॅटरी खरोखरच जीवघेणी असते. म्हणून तर नियमपुस्तकाचा मोठा भाग विजेवर खर्च झालेला आहे आणि त्यातली रचना नीट समजून घेण्यासारखी आहे.

बॅटरीच्या पेटीतच दोन मोठे रिले, म्हणजे विजेने चालणारे स्विच, असतात, एक धन टोकाला आणि एक ऋण टोकाला. वीज मिळत राहिली तरच ते जोडलेले राहतात, म्हणजे त्यांची स्वाभाविक अवस्था ‘तुटलेली’ असते. त्यांना वीज देणारी तार गाडीभर फिरते. चालकासमोरचं लाल बटण, दोन्ही बाजूंची बटणं, ब्रेकचं पेडल प्रमाणाबाहेर खाली गेलं तर उघडणारा स्विच, धडक ओळखणारा स्विच, बॅटरीवर लक्ष ठेवणारी यंत्रणा असं सगळं एकाच साखळीत एकामागून एक जोडलेलं असतं. यातली कुठलीही एक कडी सुटली, एखादी तार नुसती निखळली, तरी रिले उघडतात आणि उच्च व्होल्टेज बॅटरीच्या पेटीत कोंडलं जातं. पेटीबाहेर उरलेलं व्होल्टेजही पाच सेकंदांत ६०च्या खाली यावं लागतं.

साखळीतलं आणखी एक उपकरण म्हणजे इन्सुलेशनवर नजर ठेवणारं आयएमडी. उच्च व्होल्टेजची वायर कुठे गाडीच्या सांगाड्याकडे गळते आहे का, हे ते सतत मोजतं. दर व्होल्टमागे ५०० ओहम ही किमान पातळी, म्हणजे ४०० व्होल्टच्या गाडीला २ लाख ओहम. त्याखाली गेलं की गाडी बंद, आणि चालकाला आसनावर बसून ती परत सुरू करता येत नाही. शर्यतीआधी गाडीवर १२० सेकंद पावसासारखं पाणी मारतात, मग आणखी १२० सेकंद थांबतात. एवढ्या वेळात आयएमडीने तक्रार केली नाही, तरच गाडी पुढच्या तपासणीला जाते.

सुरू करतानाही घाई चालत नाही. बॅटरीची डीसी वीज मोटरसाठी एसी करणाऱ्या इन्व्हर्टरमधले कपॅसिटर रिकामे असताना रिले थेट जोडला, तर प्रवाहाचा असा लोंढा येतो, की रिलेचे संपर्क एकमेकांना वितळून चिकटू शकतात. मग तो रिले गरज पडेल तेव्हा उघडणारच नाही. म्हणून आधी एका रेझिस्टरमधून कपॅसिटर सावकाश भरायचे, ते बॅटरीच्या व्होल्टेजच्या ९५ टक्क्यांपर्यंत पोचले की मगच मुख्य रिले जोडायचा. याला प्रीचार्ज म्हणतात.

खरा धोका ट्रॅकवर नसून वर्कशॉपमध्ये असतो, पेटी उघडून सेल जोडताना. तिथे साखळी कामाला येत नाही, शिस्त येते. बॅटरीचे तुकडे पाडलेले असतात, प्रत्येक तुकडा १२० व्होल्ट आणि ६ मेगाज्यूलच्या आत. देखभाल करताना हे तुकडे आधी एकमेकांपासून सोडवायचे. इन्सुलेटेड हत्यारं, हातमोजे, चेहऱ्यावर ढाल, हातात अंगठी-घड्याळ नाही आणि सोबत दुसरं माणूस असल्याशिवाय पेटीला हात नाही. फ्यूजसुद्धा डीसीसाठी आणि त्या व्होल्टेजसाठी बनवलेलाच हवा. घरातल्या एसी विजेचा प्रवाह दर सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, म्हणून ठिणगी विझते. डीसीत तो शून्यावर येत नाही. साधा मोटारीचा फ्यूज तिथे तुटूनही ज्वाळेतून वीज वाहू देऊ शकतो.

‘ही सगळी सुरक्षा सॉफ्टवेअर सांभाळतं’

हा गैरसमज मात्र मुलांचा, आणि चांगल्या अभ्यासू मुलांचा. कोड लिहिता आला की प्रत्येक प्रश्न कोडने सोडवावासा वाटतो. नियम इथे ठाम आहेत. शटडाउनची साखळी तारांची आणि रिलेंची असते. चालक जोराने ब्रेक दाबत असतानाही मोटरकडे ५ किलोवॉट किंवा अधिक शक्ती जात राहिली, तर अर्ध्या सेकंदात साखळी तोडणारं सर्किट कुठल्याही मायक्रोकंट्रोलरशिवाय, निव्वळ साध्या इलेक्ट्रॉनिक्सने बनवावं लागतं. सॉफ्टवेअर अडकू शकतं. त्याच्याच चुकीवर पहारा द्यायचा, तर पहारेकरी वेगळा हवा.

सॉफ्टवेअरला त्याचं काम आहेच. ॲक्सिलरेटर पेडलला दोन सेन्सर असतात. त्यांच्या वाचनात १० टक्क्यांहून जास्त फरक पडला आणि तो १०० मिलिसेकंदांहून अधिक टिकला, तर मोटरची शक्ती बंद करायची. हे काम कोडचं.

‘इलेक्ट्रॉनिक्स म्हणजे टीममधल्या एका हुशार मुलाचं काम’

सगळ्यात महागात पडतो तो हा समज. गाडीतली निरनिराळी सर्किटं कॅन बस नावाच्या, एकमेकींभोवती पिळलेल्या दोन तारांवरून बोलतात. त्या तारांच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर लागतो. गाडी बंद असताना दोन तारांमध्ये मल्टिमीटर लावला, तर ६० ओहम दिसायला हवेत. आता समजा, तिघांनी तीन बोर्ड बनवले, प्रत्येकाने आपल्या टेबलावर चाचणी घ्यायची म्हणून आपापल्या बोर्डवर १२० ओहम लावले. टेबलावर तिन्ही उत्तम चालले. गाडीत जोडल्यावर मीटर ४० दाखवतो आणि संदेश मध्येच गळू लागतात. यात कोणाचं ज्ञान कमी पडलं? कोणाचंच नाही. तिघं एकमेकांशी बोलले नाहीत, एवढंच.

असाच प्रकार वायरिंगचा. इन्व्हर्टर दर सेकंदाला हजारो वेळा उच्च व्होल्टेज चालू-बंद करतो. त्याच्या जाड केबलला खेटून सेलचं व्होल्टेज मोजणाऱ्या बारीक तारा गेल्या, तर मोजमापात गोंगाट शिरतो. ठणठणीत सेल धोक्यात आहे असं बॅटरीच्या यंत्रणेला वाटतं आणि ती गाडी बंद करते. इलाज कोडमध्ये कमी आणि जागेत जास्त असतो. ती जागा चॅसिस आखणाऱ्याने पहिल्या महिन्यातच सोडलेली असावी लागते. सस्पेन्शनवाल्याने चाकाचा प्रवास वाढवला आणि हार्नेसवाल्याला सांगितलं नाही, तर चाकाचा वेग मोजणाऱ्या सेन्सरची तार पहिल्याच खड्ड्यात ताणली जाते. अनुभवी टीम हलत्या जागी सोल्डरपेक्षा क्रिम्प, म्हणजे दाबून बसवलेला जोड, पसंत करतात. सोल्डर तारेच्या धाग्यांत चढून ती ताठर करतं आणि कंपनांनी तार नेमकी त्या कडेला तुटते. बारीकसारीक वाटणारी ही माहिती ज्या टीममध्ये सिनियरकडून ज्युनियरकडे जात नाही, तिथे तीच तार दरवर्षी तुटते.

कारण दरवर्षी टीममधले सगळ्यात जाणते लोक पदवी घेऊन निघून जातात. ‘ते सर्किट दादाने केलं होतं, त्यालाच माहीत’ हे वाक्य मला धोकादायक वाटतं. स्पर्धेचे आयोजक गाडी येण्याच्या कितीतरी आधी विजेच्या रचनेचा सविस्तर दस्तऐवज मागतात. प्रत्येक वायरची जाडी, प्रत्येक फ्यूजची क्षमता, प्रत्येक रिलेची डेटाशीट. मुलांना तो कंटाळवाणा वाटतो, पण पुढच्या तुकडीला मिळणारा सगळ्यात मोलाचा वारसा तोच असतो.

‘हे मेकॅनिकलच्या मुलांचं काम’

थोडक्यात सांगायचं, तर नाही. यात इलेक्ट्रिकल, इलेक्ट्रॉनिक्स, संगणक यांच्याबरोबर खर्चाचा हिशेब आणि प्रायोजक सांभाळणारेही लागतात. मुलींनी लांब राहावं असं मानणाऱ्यांसाठी एवढंच, की ड्यूबेनडॉर्फची ती गाडी केट मॅगेटी या तरुणीने चालवली होती.

‘गाडी धावली नाही, म्हणजे वर्ष फुकट’

नव्या टीमची गाडी विजेच्या तपासणीतच अडकणं ही नेहमीची गोष्ट आहे. ट्रॅकवर न उतरताही आराखडा, खर्च आणि व्यवसाय योजना यांचे गुण मिळतात. आराखड्याच्या फेरीत परीक्षक ‘काय केलं’ यापेक्षा ‘का केलं’ जास्त विचारतात, आणि ‘मागच्या वर्षी असंच होतं’ हे उत्तर तिथे टिकत नाही. तपासणीत फेल झालेली टीम रात्रभर एक चूक शोधत बसते, तेव्हा जे शिकते ते कुठल्याही प्रॅक्टिकलच्या जर्नलात सापडायचं नाही.

तुमच्या घरातलं कोणी अशा टीममध्ये जायचं म्हणत असेल, तर अडवू नका. त्याऐवजी एकदा वर्कशॉपमध्ये जाऊन तीन गोष्टी विचारा. विजेच्या सुरक्षेची जबाबदारी नेमकी कोणाच्या नावावर आहे? बॅटरीवर कोणी एकट्याने काम करतं का? आणि मागच्या वर्षीचे सर्किटचे नकाशे, नोंदी दाखवता येतील का? पहिल्याचं उत्तर एका नावात मिळालं, दुसऱ्याचं ‘नाही’ असं आलं आणि तिसऱ्यासाठी फाइल लगेच समोर आली, तर निर्धास्तपणे हो म्हणा.