पैसा कुठून आला, हे कुणाला विचारायचं?

१९२४ च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या स्क्रिब्नर्स प्रकाशनाचे संपादक मॅक्सवेल पर्किन्स यांनी युरोपात मुक्काम ठोकून बसलेल्या आपल्या लेखकाला एक लांबलचक पत्र धाडलं. लेखक होता स्कॉट फिट्झजेराल्ड, वय अठ्ठावीस. हस्तलिखित वाचून पर्किन्स भारावून गेले होते, पण एक गोष्ट त्यांना खटकत होती. नायक जे गॅट्सबी धूसर वाटतो. एवढी माया त्यानं जमवली कशी, याचा निदान सुगावा तरी वाचकाला लागायला हवा, असं त्यांचं म्हणणं. गॅट्सबीचा प्रतिस्पर्धी टॉम ब्यूकॅनन मात्र त्यांना अगदी डोळ्यांसमोर उभा राहिला होता. हा माणूस रस्त्यात दिसला तर मी त्याला ओळखेन आणि चुकवून पुढे जाईन, अशा अर्थाचं त्यांनी लिहिलं.

फिट्झजेराल्डनं सूचना मानली आणि मुद्रितं तपासताना गॅट्सबीच्या कमाईचे इशारे इकडेतिकडे पेरले. १० एप्रिल १९२५ रोजी ‘द ग्रेट गॅट्सबी’ प्रसिद्ध झाली.

टॉमच्या पैशाचं काय? त्याचं घराणं अफाट श्रीमंत आहे, शिकागोकडचं आहे, यापलीकडे कादंबरी शेवटपर्यंत काही सांगत नाही. धान्याचा व्यापार, कत्तलखाने, रेल्वे, बँक, की आणखी काही? एका ओळीचाही खुलासा नाही. आणि गेली शंभर वर्षं वाचकही तो मागत नाहीत. कॉलेजात असल्यापासून टॉम पैसे उधळत आला आहे, आणि उधळणाऱ्याच्या हातात ते आधी आले कसे, हे विचारायचं असतं असं कुणाला वाटलेलंच नाही. या दोन श्रीमंतांमधला खरा फरक मला इथे दिसतो. एकाच्या पैशाची चौकशी होते, दुसऱ्याच्या होत नाही.

ज्यांनी कादंबरी वाचलेली नाही आणि २०१३ चा सिनेमाही पाहिलेला नाही (त्यात अमिताभ बच्चन जुगारी वुल्फशाइमच्या भूमिकेत काही मिनिटं दिसतात), त्यांच्यासाठी थोडक्यात कथा. १९२२ चा उन्हाळा. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर खाडीच्या दोन तीरांना समोरासमोर दोन वस्त्या: ईस्ट एगमध्ये पिढीजात श्रीमंत, वेस्ट एगमध्ये नवे. ईस्ट एगला टॉम आणि त्याची बायको डेझी. वेस्ट एगला गॅट्सबी. १९१७ साली लष्करातला एक कफल्लक तरुण अधिकारी म्हणून तो डेझीच्या प्रेमात पडला होता. युद्धावरून तो परतायच्या आत डेझीनं टॉमशी लग्न केलं. आता गॅट्सबीनं तिच्या घरासमोर, पाण्यापलीकडे, राजवाडा घेतलाय आणि ती कधीतरी येईल म्हणून दर शनिवारी जत्रा भरवावी तशा मेजवान्या देतोय. हे सगळं आपल्याला सांगतो निक कॅरवे. तो डेझीचा लांबचा भाऊ, टॉमचा कॉलेजातला सोबती आणि गॅट्सबीचा शेजारी. महिना ८० डॉलर भाड्यानं राहणारा.

दोघांची घरं बघा. गॅट्सबीचं घर म्हणजे नॉर्मंडीतल्या कुठल्याशा नगरपालिकेच्या इमारतीची नक्कल. बाजूला बुरूज, त्यावर नुकतीच चढलेली कोवळी वेल, संगमरवरी पोहण्याचा तलाव, चाळीस एकरांहून मोठी बाग. ते बांधलं होतं बिअर गाळणाऱ्या एका कारखानदारानं. या गृहस्थाला सरंजामी थाटाची एवढी हौस, की आसपासच्या घरमालकांनी आपल्या छपरांवर गवत शाकारलं तर त्यांचा पाच वर्षांचा कर मी भरतो, अशी ऑफर त्यानं दिली होती. कुणी ऐकलं नाही. तो गेल्यावर पोरांनी दारावरचं सुतकाचं तोरण उतरायच्या आत घर विकून टाकलं.

टॉमचं घर लाल-पांढरं, जुन्या वसाहतकाळच्या धाटणीचं. हिरवळ समुद्रकिनाऱ्यापासून निघून पाव मैल धावत थेट दारापर्यंत येते. बघणाऱ्याला वाटावं, इथे पाच पिढ्या नांदल्या असतील. पण टॉम स्वतःच निकला घर दाखवताना सांगून जातो, की हे आधी डिमेन नावाच्या तेलवाल्याचं होतं. म्हणजे दोन्ही वाडे दुसऱ्याच्या हातचे, एक बिअरच्या पैशातला, एक तेलाच्या. शिवाय टॉमही पूर्वेकडचा नव्हेच. गॅट्सबी, डेझी, निक यांच्यासारखाच तोही आतल्या प्रांतातून आलेला. ज्या शिकागोच्या श्रीमंतीवर तो ऐटीत उभा आहे, ते शहर १८७१ च्या आगीत बरंचसं भस्मसात झालं होतं आणि त्याचे धनाढ्य बहुतेक त्यानंतरचे. त्याचा ‘जुना’ पैसा असून असून किती जुना असणार?

मग टॉमला आपण जुना कसे मानतो? घोड्यांमुळे. येताना त्यानं शिकागोजवळच्या लेक फॉरेस्टहून पोलोच्या घोड्यांचा अख्खा ताफा आणला. तबेल्याचं गॅरेज करणारे पुष्कळ झाले, गॅरेजचा तबेला करणारा मीच पहिला, अशी फुशारकी तो मारतो. कादंबरीत तो पहिल्यांदा दिसतो तोच रायडिंगच्या कपड्यांत, पाय फाकवून व्हरांड्यात उभा. गॅट्सबीकडे मात्र मोटार आहे, रोल्स-रॉइस, मलईच्या रंगाची, उन्हात डोळे दिपवणारी. मोटार ज्याच्या हातात पैसे आहेत तो उद्या घेऊ शकतो. घोड्यावर मांड ठोकून बसणं लहानपणापासून अंगात मुरावं लागतं.

फिट्झजेराल्डनं हा फरक एका छोट्या प्रसंगात उघडा करून ठेवलाय. सिनेमाच्या जमान्यात तो हमखास दुर्लक्षिला जातो, माझ्या मते मात्र कादंबरीतला सगळ्यात क्रूर प्रसंग तोच. एका रविवारी दुपारी तिघं घोड्यांवरून गॅट्सबीच्या दारात येतात: टॉम, स्लोन नावाचा कुणी एक आणि तपकिरी रायडिंग सूटमधली एक बाई. गॅट्सबीची धांदल उडते. बसा, सिगारेट घ्या, काय घेणार? लिंबू सरबत? नको. थोडी शॅम्पेन? स्लोनला काहीच नको. स्लोन खुर्चीत मागे रेलून बसलाय, बोलत नाही. बाई मात्र दोन पेले पोटात गेल्यावर खुलते आणि म्हणते, आज रात्री माझ्याकडे जेवायला या ना. गॅट्सबीला जायचंय. आपण यावं असं स्लोनला मुळीच वाटत नाही, हे त्याला दिसतच नाही. माझ्याकडे घोडा नाही, लष्करात असताना बसायचो, पण विकत कधी घेतला नाही, तुमच्या मागोमाग गाडीतून येतो, म्हणत तो कोट आणायला आत जातो. इकडे टॉम थक्क. हा खरंच यायला निघाला की काय? तिला तो नकोय, एवढंही कळत नाही याला? निक म्हणतो, पण ती तर या म्हणाली. टॉम म्हणतो, तिच्याकडे मोठी मेजवानी आहे आणि तिथे याच्या ओळखीचं कुणी नसेल. तिघं घोड्यांवर चढतात आणि गॅट्सबी टोपी-कोट घेऊन दारात येतो तोवर झाडीआड पसारही होतात.

या प्रसंगात कुणी कुणाला शिवी दिलेली नाही. ‘या’ म्हटल्यावर कधी जायचं आणि कधी नाही, हे न सांगता कळण्याची जी एक शाळा असते, तिथे गॅट्सबी गेलेला नाही, बस. नॉर्थ डकोटातल्या शेतकऱ्याचा मुलगा जेम्स गॅट्झ. सतराव्या वर्षी त्यानं नाव बदललं आणि डॅन कोडी नावाच्या लखपतीच्या नौकेवर नोकरी धरली. कोडी मेला तेव्हा त्याच्यासाठी २५ हजार डॉलर ठेवून गेला, पण ते कायद्याच्या कसल्याशा युक्तीनं दुसऱ्यांनी लाटले. याच्यासमोर टॉमचा एक आकडा ठेवून बघा: १९१९ च्या जूनमध्ये लग्नाआधल्या दिवशी त्यानं डेझीला दिलेला मोत्यांचा सर साडेतीन लाखांचा. गॅट्सबीच्या हातून निसटलेल्या आयुष्यभराच्या पुंजीच्या चौदापट.

गॅट्सबीच्या पैशाबद्दल मात्र सगळ्यांनाच उत्सुकता. त्याचीच दारू पिता पिता पाहुणे कुजबुजतात, की यानं खून केलाय म्हणे, युद्धात जर्मनांचा हेर होता म्हणे, कैसरचा पुतण्या आहे म्हणे. त्याची स्वतःची उत्तरंही दर खेपेला बदलतात. एकदा वारशानं मिळालं, एकदा तीन वर्षांत कमावलं. कधी औषधांचा धंदा, कधी तेलाचा. आतून त्याचा खरा व्यवसाय दारूचा. जानेवारी १९२० पासून अमेरिकेत दारूबंदी लागू होती, ती डिसेंबर १९३३ पर्यंत टिकली. पण डॉक्टरच्या चिठ्ठीवर औषध म्हणून व्हिस्की मिळे. तेव्हा गल्लीबोळातली औषधांची दुकानं विकत घेऊन त्यांच्या काउंटरवरून अल्कोहोल विकणं, हा गॅट्सबी आणि वुल्फशाइम यांचा उद्योग.

हे टॉम खणून काढतो आणि न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलमध्ये, अंगाची लाही करणाऱ्या दुपारी, डेझीसमोर फोडतो. नीतीचा कैवार घेऊन बोलणारा हा माणूस त्या खोलीत काय घेऊन आलाय? घरून निघताना टॉवेलात गुंडाळून आणलेली व्हिस्कीची बाटली. ऐन दारूबंदीत! ती टेबलावर ठेवून तो समोरच्याला दारू-तस्कर म्हणतो. गॅट्सबी प्रत्युत्तर देतो, की तुझा मित्र वॉल्टर चेसही याच धंद्यात होता, आमच्याकडे आला तेव्हा त्याच्या खिशात छदाम नव्हता. मुद्दा बिनतोड आहे, पण उपयोग शून्य. डेझी हळूहळू आक्रसत जाते आणि टॉमला कळतं की आपण जिंकलो. मग तो जो हुकूम सोडतो त्यात त्याचा अख्खा स्वभाव आहे: तुम्ही दोघं याच्या गाडीतून घरी जा. बायको प्रियकराच्या शेजारी बसून गेली तरी आता धोका नाही, हे दाखवण्यासाठी. बाटली न उघडताच तो परत टॉवेलात गुंडाळतो.

त्या परतीच्या वाटेवर गाडी डेझी चालवते आणि तिच्याखाली टॉमचीच प्रेयसी मर्टल सापडून मरते. मर्टलच्या नवऱ्याला ही गाडी कुणाची ते टॉम सांगतो. नवरा जाऊन गॅट्सबीला गोळी घालतो. टॉमच्या हातांना काही लागत नाही. याआधीही लागलेलं नाही. लग्नाला दोन-तीन महिने झाले असतील, तेव्हा कॅलिफोर्नियात रात्री त्यानं गाडी एका घोडागाडीवर घातली होती. सोबत होती हॉटेलातली मोलकरीण, तिचा हात मोडला. डेझीचं नाव काढलं म्हणून त्यानं मर्टलचं नाक फोडलं होतं. दर वेळी मोडतं ते दुसऱ्याचं.

टॉम निव्वळ आडदांड आहे, असं मानण्याची चूक सिनेमावाले करतात. त्याला विचारही आहेत, हीच खरी भीतीची गोष्ट. पहिल्याच जेवणाच्या वेळी तो गोऱ्या वंशाला बाकीच्यांपासून असलेल्या धोक्यावर प्रवचन झोडतो आणि एका पुस्तकाचा दाखला देतो. पुस्तकाचं नाव काल्पनिक, पण रोख उघडपणे लोथ्रॉप स्टॉडर्डच्या १९२० च्या ग्रंथाकडे, आणि तो ग्रंथ काढला होता स्क्रिब्नर्सनंच. हे तेव्हाचं मुख्य प्रवाहातलं मत होतं. १९२३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं भगतसिंग थिंद या भारतीयाला तो ‘गोरा’ नाही म्हणून नागरिकत्व नाकारलं, पुढच्याच वर्षी आशियाई स्थलांतराचं दार जवळपास बंद करणारा कायदा आला. आत कोण आणि बाहेर कोण हे ठरवायचा हक्क आपल्यालाच आहे, हे टॉमला घोड्यांबाबत जितकं सहज वाटतं तितकंच देशाबाबतही.

फिट्झजेराल्ड स्वतः टॉम आणि गॅट्सबी या दोघांच्या मधोमध कुठेतरी होता. सेंट पॉल गावचा. वडील धंद्यात आणि नोकरीत अपयशी, घर चालायचं ते आईच्या माहेरच्या घाऊक किराणा व्यापारातून आलेल्या पैशावर. वयाच्या अठराव्या वर्षी तो लेक फॉरेस्टच्या जिनेव्हरा किंग या श्रीमंत मुलीच्या प्रेमात पडला. गरीब मुलांनी श्रीमंत मुलींशी लग्नाची स्वप्नं पाहू नयेत, असं काहीसं तिथे कानावर पडल्याची नोंद त्याच्या वहीत आहे. टॉमचे घोडे नेमके त्याच गावाहून आले, हा योगायोग नसावा. पुढे त्याच्या होणाऱ्या बायकोनं, झेल्डानंही, १९१९ मध्ये साखरपुडा मोडला होता. १९२० च्या मार्चअखेर पहिली कादंबरी आली, गाजली, आणि आठ दिवसांत त्यांचं लग्न झालं. पैसा आल्यावर मुलगी मिळते, हे त्यानं स्वतः अनुभवलं होतं. गॅट्सबीला ते सुख त्यानं दिलं नाही.

शेवटी शेवटी, ऑक्टोबरात, निकला टॉम फिफ्थ अव्हेन्यूवर भेटतो. निक आधी हात मिळवायला नकार देतो. टॉम आपली बाजू सांगतो. मर्टलच्या फ्लॅटमध्ये कुत्र्याच्या बिस्किटांचा डबा बघून आपण कसे ओक्साबोक्शी रडलो, तेही. आणि निक हात मिळवतो. मग टॉम दागिन्यांच्या दुकानात शिरतो, मोत्यांचा सर घ्यायला किंवा नुसती कफलिंक्स. बऱ्याच वाचकांना निकचा तो हात खुपतो, मलाही खुपायचा. पण पहिल्याच प्रकरणात निकनं आपल्या घराची हकीकत सांगून ठेवली आहे. कॅरवे मंडळी स्वतःला एका स्कॉटिश ड्यूकचे वंशज म्हणवतात. प्रत्यक्षात त्याच्या आजोबांच्या भावानं १८६१ च्या यादवी युद्धात स्वतःऐवजी पैसे मोजून दुसरा माणूस पाठवला आणि इकडे हार्डवेअरचा घाऊक धंदा सुरू केला. तो धंदा निकचे वडील अजून चालवतात, आणि न्यूयॉर्कमध्ये निकचा वर्षभराचा खर्च त्यांनीच उचललेला आहे.