पट्टी कर्णधाराच्या दंडावर, जबाबदारी कोणाची?

३ डिसेंबर २०२४ च्या रात्री इंग्लंडमधल्या इप्सविच शहरात, पोर्टमन रोडच्या मैदानावर दोन कर्णधार समोरासमोर होते. क्रिस्टल पॅलेसचा मार्क गेही आणि इप्सविच टाउनचा सॅम मॉर्सी. गेहीच्या दंडावर इंद्रधनुषी पट्टी होती आणि तिच्यावर लिहिले होते, येशूचे तुमच्यावर प्रेम आहे. मॉर्सीच्या दंडावर ती पट्टी नव्हतीच. प्रीमियर लीग या इंग्लंडच्या अव्वल फुटबॉल लीगच्या वीस कर्णधारांपैकी ती न बांधणारा तो एकटाच होता. पॅलेसने सामना १-० असा जिंकला, पण दुसऱ्या दिवशी चर्चा गोलची झाली नाही.

ही पट्टी ‘रेनबो लेसेस’ मोहिमेची. समलिंगी आणि पारलिंगी लोकांना फुटबॉलच्या मैदानात आणि प्रेक्षागृहात परके वाटू नये, म्हणून ब्रिटनमधल्या स्टोनवॉल या संस्थेने २०१३ साली ती सुरू केली. सुरुवात बुटांच्या इंद्रधनुषी नाड्यांपासून झाली. पुढे प्रीमियर लीग सोबत आली आणि दरवर्षी ठरावीक फेऱ्यांत कर्णधारांच्या दंडावर ही पट्टी दिसू लागली.

गेहीचे वडील लंडनमध्ये चर्चचे धर्मोपदेशक आहेत. त्याने पट्टी नाकारली नाही. न्यूकॅसलविरुद्धच्या सामन्यात त्याने तिच्यावर येशूवरचे आपले प्रेम लिहिले. इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने, म्हणजे एफएने, क्लबला नियमाची आठवण करून दिली. तीनच दिवसांनी, इप्सविचला, त्याने पुन्हा लिहिले. मजकूर तेवढा बदलला. एफएने पुन्हा संपर्क साधला, पण औपचारिक कारवाई केली नाही. मॉर्सीचे कारण त्याची इस्लामवरची श्रद्धा. त्याच्या क्लबने मोहिमेला पाठिंबा कायम ठेवला आणि कर्णधाराच्या निर्णयाचा आदर करतो, असेही जाहीर केले.

मग एक प्रश्न जोरात विचारला गेला. ज्याने पट्टी बांधली त्याला समज, आणि ज्याने बांधलीच नाही त्याला काहीच नाही, हा कुठला न्याय? उत्तर खेळाच्या नियमपुस्तकात आहे. चौथा नियम सांगतो की खेळाडूच्या पोशाखावर राजकीय, धार्मिक किंवा वैयक्तिक घोषणा, मजकूर वा चित्र असता कामा नये. बंदी लिहिण्यावर आहे. न बांधण्यावर नाही. आणि असू नये, असे माझे ठाम मत आहे. गप्प राहण्याचा हक्क काढून घेतला, तर उरलेल्यांच्या बोलण्यालाही किंमत राहत नाही. एकोणीस कर्णधारांनी बांधलेल्या पट्टीला अर्थ येतो, तो विसाव्याला नकार देता येतो म्हणूनच.

गेहीने नियम मोडला, हे मान्य करायला हवे. पण त्याच्या शब्दांत कुणाचा द्वेष नव्हता. संदेश प्रेमाचाच होता, असे त्याने स्वतः सांगितले. समज देऊन प्रकरण मिटवण्यात एफएने शहाणपण दाखवले.

त्याच आठवड्यात मँचेस्टर युनायटेडमध्ये जे घडले ते मला जास्त खटकले. सामन्याआधी सगळ्या संघाने इंद्रधनुषी जॅकेट घालायचे ठरले होते. बचावपटू नुसैर मझरावीने धार्मिक कारणाने नकार दिला, आणि तो एकटा पडू नये म्हणून जॅकेट कुणीच घातली नाहीत, अशा बातम्या आल्या. एकाचा नकार सगळ्यांचा झाला. ज्यांना घालायचे होते, त्यांचे काय?

फ्रान्सने वेगळी वाट धरली. तिथे ठरावीक फेरीत खेळाडूंच्या शर्टावर समलिंगीद्वेषाविरोधी चिन्ह असते. मे २०२४ मध्ये मोनॅकोच्या मोहम्मद कामाराने ते टेपने झाकले आणि लीगने त्याला चार सामने बाहेर बसवले. एखाद्याच्या अंगावर विधान चिकटवायचे आणि ते झाकले म्हणून शिक्षा करायची, यातून कुणा समलिंगी खेळाडूचे आयुष्य सोपे झाले असेल, असे मला वाटत नाही.

श्रद्धा आणि फुटबॉल यांना एकत्र नांदता येते, याचे दाखले प्रीमियर लीगमध्येही आहेत आणि तिच्याबाहेरही. एप्रिल २०२१ मध्ये लेस्टर आणि पॅलेसच्या सामन्यात सूर्यास्तानंतर गोलकिकच्या वेळी खेळ क्षणभर थांबला आणि वेस्ली फोफाना व शेखू कुयाते यांनी रोजा सोडला. कुणाचे काही बिघडले नाही. हिजाब घालून खेळण्यावरची बंदी फिफाने २०१४ मध्ये उठवली. २०२३ च्या महिला विश्वचषकात मोरोक्कोची नुहैला बेन्झिना हिजाबमध्ये खेळली.

या वादात श्रद्धावान एका बाजूला आणि समलिंगी दुसऱ्या बाजूला, अशी मांडणी सरसकट केली जाते. ती चुकीची आहे. जस्टिन फॅशानूकडे पाहा. १९८१ मध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्टने त्याला दहा लाख पौंडांना घेतले. एवढी किंमत मिळालेला तो ब्रिटनमधला पहिला कृष्णवर्णीय फुटबॉलपटू. तो श्रद्धाळू ख्रिस्ती होता आणि समलिंगीही होता. १९९० मध्ये त्याने ते उघडपणे सांगितले आणि त्यानंतर तो एकटा पडत गेला. त्याच्या सख्ख्या भावानेही त्याच्याशी जाहीरपणे नाते तोडले. १९९८ च्या मे महिन्यात त्याने आपले आयुष्य संपवले. ब्रिटनमध्ये खेळत असताना असे सांगणारा पुढचा पुरुष व्यावसायिक फुटबॉलपटू यायला २०२२ साल उजाडले. तो होता ब्लॅकपूलचा सतरा वर्षांचा जेक डॅनियल्स.

बत्तीस वर्षांची ही शांतता पट्टीने भरून निघणारी नव्हती. या शांततेचे एक मोठे कारण प्रेक्षागृहात आहे. चेल्सीच्या खेळाडूंना आणि चाहत्यांना उद्देशून वर्षानुवर्षे दिली जाणारी समलिंगीद्वेषी घोषणा हा द्वेषमूलक गुन्हा ठरू शकतो, हे ब्रिटिश सरकारी वकिलांच्या खात्याने २०२२ मध्ये स्पष्ट केले. त्यानंतर, २०२३ मध्ये, अशा घोषणांसाठी क्लबलाही जबाबदार धरू, असे एफएने सांगितले. मला यात जास्त आशा दिसते. इथे कुणाला श्रद्धेविरुद्ध काही बोलावे लागत नाही, आणि शिवी ऐकणाऱ्याला खरे संरक्षण मिळते.

प्रीमियर लीगने २०२५ मध्ये स्टोनवॉलशी भागीदारी संपवली. मोहिमेचे नाव आणि रंग यापुढे कोणतेही असोत, पट्टी ज्याला हवी त्याने बांधावी, नको त्याला कारण विचारू नये. आणि ज्या प्रेक्षागृहातून समलिंगीद्वेषी घोषणा येईल, त्या क्लबला दंड व्हावा. कारण मोहिमेला इतकी वर्षे होऊनही प्रीमियर लीगमध्ये खेळत असताना आपण समलिंगी आहोत असे जाहीर करणारा एकही खेळाडू अजून झालेला नाही.