अक्षरे बिघडतात ती वाटेत

गृहनिर्माण संस्थेच्या सभासदांची यादी एका प्रणालीतून काढून एक्सेलमध्ये उघडावी आणि नावांच्या जागी अगम्य खुणा दिसाव्यात, हा अनुभव संगणकावर मराठीत काम करणाऱ्या अनेकांना येतो. अशा वेळी बहुतेक जण फाँट बदलून पाहतात. दोष बहुधा तेथे नसतो.

संगणक अक्षर नव्हे, अंक साठवतो. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत 'म' हे अक्षर २२४, १६४ आणि १७४ अशा तीन अंकांनी लिहिले जाते. मजकूर घेणाऱ्या प्रणालीने मात्र विंडोज-१२५२ ही पश्चिम युरोपीय भाषांसाठीची जुनी सारणी गृहीत धरली, तर प्रत्येक अंकाचे वेगळे चिन्ह उमटते. एका 'म'ऐवजी डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए, चलनाची खूण आणि वर्तुळातला आर अशी तीन चिन्हे येतात. देवनागरीच्या प्रत्येक वर्णाचा पहिला अंक २२४ असल्याने हा 'ए' ओळभर दिसत राहतो. तो दिसला की निदान झाले.

येथवर मूळ अंक शाबूत असतात. फाइल जतन न करता बंद करावी आणि 'डेटा' विभागातून ती आयात करताना ६५००१ क्रमांकाचा यूटीएफ-८ हा पर्याय निवडावा. नावे परत येतात. घाईने तीच फाइल जतन करणे मात्र महागात पडू शकते. १२५२च्या सारणीत १२९, १४१, १४३, १४४ आणि १५७ ही घरे रिकामी आहेत, आणि ऱ्हस्व उकार, पाय मोडण्याची खूण, 'ए', 'ऐ' व 'झ' यांचा शेवटचा अंक नेमका त्यांतलाच. काही प्रणाली तो गाळून टाकतात. मग दुरुस्तीनंतरही 'कुलकर्णी' या नावातला उकार आणि रफार परत येत नाहीत.

ओळीने प्रश्नचिन्हे दिसत असतील, तर रूपांतरातच अक्षरे पुसली गेली. माहिती मूळ ठिकाणाहून पुन्हा मागवावी लागते. रिकामे चौकोन दिसले, तरच फाँटकडे वळावे. युनिकोडपूर्व फाँटमधील जुन्या फायलींचे दुखणे निराळे. त्यांत रोमन अक्षरांच्याच अंकांवर मराठी आकार चढवलेले असत. त्यासाठी त्या-त्या फाँटचे परिवर्तक वापरावे लागते.

नव्या प्रणालीत हजारो नावे धाडण्यापूर्वी 'एकनाथ झुंजार कुलकर्णी' असे एखादे कल्पित नाव पाठवून पाहावे. वरील पाच अडचणींपैकी चार त्यात आहेत.